विश्लेषण : मूल ‘नुसतेच खेळते’ की शिकते? बालवाडीत खेळाचे निरीक्षण कसे केले जाते?

लेखी परीक्षा नाही, गुण नाहीत, क्रमांक नाही. मग तीन ते सहा वर्षांच्या मुलाची प्रगती कळणार कशी? याचे उत्तर राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात एका शब्दात आहे, निरीक्षण. ते नेमके कसे होते, त्यातून काय कळते आणि ते कुठे चुकते, हे समजून घेऊया.

बालवाडीतून घरी आलेल्या मुलाला ‘आज काय केलंस?’ असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ‘खेळलो’. पालकांचे तेवढ्याने समाधान होत नाही. शेजारच्या मुलाची वही ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत भरलेली असते आणि आपल्या मुलाच्या दप्तरातून निघतो रंग सांडलेला कागद, खिशातून चार चिंचोके. फी भरून मूल खेळायलाच पाठवायचे का, हा प्रश्न मग पालकसभेत हमखास येतो. पालकांच्या या दबावामुळे अनेक बालवाड्या खेळ कमी करून पाटी-पेन्सिल पुढे आणतात. खेळताना मूल काय शिकते हे कुणी लिहूनच ठेवले नसेल, तर ताईंकडे दाखवायला काही उरत नाही.

परीक्षा का नको?

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणाची ५+३+३+४ अशी मांडणी केली. त्यातील पहिली पाच वर्षे म्हणजे वय तीन ते आठ हा पायाभूत टप्पा. बालवाडी किंवा अंगणवाडीची तीन वर्षे आणि त्यानंतर पहिली व दुसरी. सहा वर्षांच्या आत मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास झालेला असतो, असे या धोरणात नमूद आहे.

या टप्प्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २० ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर झाला. या वयात चाचण्या आणि परीक्षा योग्य नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याऐवजी दोन मार्ग सुचवले आहेत. एक म्हणजे मुलाचे निरीक्षण आणि दुसरा म्हणजे मुलाने केलेल्या वस्तू, चित्रे, रचना यांचा अभ्यास.

यामागचे कारण व्यवहारातले आहे. चार वर्षांच्या मुलाचे उत्तर त्याची झोप, भूक आणि समोरची व्यक्ती यांवर फार अवलंबून असते. पाहुण्या साहेबांनी ‘हा रंग कोणता?’ विचारल्यावर गप्प बसलेले मूल दहा मिनिटांनी ठोकळ्यांच्या कोपऱ्यात मित्राला सांगते, ‘तो नको, पिवळा दे.’ परीक्षेत ते नापास झाले असते. खेळात मात्र त्याला रंग ओळखता येतो, हे आपोआप दिसले. उलट बाजूही आहे. पाठ केलेले उत्तर घडाघडा येते, पण त्याचा अर्थ समजलेला असतोच असे नाही.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या बारीकसारीक नोंदी ठेवून मुलांच्या विचारप्रक्रियेचा सिद्धांत उभा केला. इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीत तर शिक्षकाचे पहिले काम पाहणे हेच होते. त्या १९३९ मध्ये भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथेच राहून त्यांनी शेकडो शिक्षकांना प्रशिक्षण दिले.

महाराष्ट्राची या बाबतीत स्वतःची परंपरा आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्या कामात सहभागी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

तिथे एक गोष्ट लक्षात आली. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, कारण त्यांना घरी धाकटी भावंडे सांभाळायची असतात किंवा गुरांमागे जायचे असते. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ इथे आहे. रानात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, दगड वापरले गेले. मुले दिवसभर काय करतात हे आधी पाहिले आणि शाळा त्याप्रमाणे घडवली, असा हा क्रम होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत.

खेळात नेमके काय पाहतात?

‘मूल खेळत होते’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कोणासोबत, कशाने आणि कसे खेळत होते, हे पाहावे लागते. अमेरिकेतील संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही यासाठी वापरला जातो. त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीत मुक्त खेळाच्या वेळी एकेका मुलाला एक-एक मिनिट असे अनेक दिवस पाहिले आणि सहा प्रकार मांडले.

• रिकामे फिरणे : मूल कशातच रमलेले नसते. इकडेतिकडे बघते, खुर्चीभोवती घुटमळते.
• बघ्याची भूमिका : दुसऱ्यांचा खेळ लक्ष देऊन पाहते, प्रश्न विचारते, पण आत शिरत नाही.
• एकट्याचा खेळ : आपल्याच नादात, वेगळ्या खेळण्याशी.
• शेजारी-शेजारी खेळ : दोघेही वाळूत किल्लाच करतात, पण आपापला.
• सोबतीचा खेळ : बोलणे होते, बादली-फावड्याची देवघेव होते, पण मिळून काही करायचे ठरलेले नसते.
• सहकार्याचा खेळ : ‘तू डॉक्टर, मी पेशंट’ अशी वाटणी होते आणि खेळाला नियम येतात.

वय वाढते तसा कल यादीच्या शेवटाकडे जातो, असे पार्टन यांना दिसले. मात्र या पायऱ्या नाहीत. १९८० मध्ये रॉजर बेकमन आणि जॉन ब्राउनली यांनी दाखवले की, मुले शेजारी-शेजारी खेळाचा पुलासारखा उपयोग करतात. आधी गटाच्या जवळ जाऊन बसायचे, तेच खेळायचे आणि मग हळूच आत शिरायचे. म्हणजे कोपऱ्यात उभे राहून बघणारे मूल ‘काहीच करत नाही’ असे नसते. अनेकदा ते आत शिरण्याची वाट शोधत असते. पाच वर्षांच्या मुलाने एकट्याने तासभर ठोकळ्यांचा पूल बांधणे हेही मागासलेपण नाही, ती एकाग्रता आहे.

नोंद कशी लिहितात?

प्रशिक्षणात साधारण चार प्रकार शिकवले जातात. घडलेला एखादा लहान प्रसंग लिहिणे म्हणजे प्रसंगनोंद. पाच-दहा मिनिटे जे दिसेल ते क्रमाने लिहिणे म्हणजे सलग नोंद. दर काही मिनिटांनी एकाच मुलाकडे पाहून खूण करणे ही ठरावीक वेळेची नोंद. ‘कात्रीने सरळ रेषेवर कापते का?’ अशा प्रश्नांवर खूण करणे म्हणजे तपासयादी. तपासयादी भरायला सोपी असते. पण मूल एखादी गोष्ट कशी करते, ते सलग नोंदीतच दिसते.

सलग नोंद कशी असते, हे कळण्यासाठी एक नमुना पाहूया. भातुकलीचा कोपरा, मुलीचे वय चार वर्षे दोन महिने.

१०.१० : चार ताटल्यांत बाटलीचे एकेक झाकण ठेवते. म्हणते, ‘आई, बाबा, आजी, मी.’
१०.१२ : एक मुलगा शेजारी येऊन बसतो. ती त्याच्याकडे बघते, मग ताटल्यांकडे. ‘थांब, तुला नाहीये.’ डब्यातून आणखी एक झाकण काढते. ताटली सापडत नाही. कागदाचा तुकडा त्याच्यापुढे ठेवून म्हणते, ‘ही तुझी ताटली.’
१०.१४ : मुलगा झाकण तोंडाजवळ नेतो. ‘गरम आहे! फुंकर मार.’ दोघे फुंकर मारतात.
१०.१६ : मुलगा तिच्या हातातला डाव ओढतो. ती घट्ट धरते, ताईंकडे बघते. ताई काही बोलत नाहीत. ती म्हणते, ‘माझं झालं की तू कर.’ मुलगा डाव सोडतो आणि थांबतो.

सहा मिनिटांच्या या नोंदीत गणित आहे. प्रत्येक ताटलीला एक झाकण, माणूस वाढला की झाकण वाढवायचे. भाषा आहे. ‘झालं की’ या दोन शब्दांत आधी काय आणि नंतर काय, याचा हिशेब येतो. कागदाला ताटली मानण्यात प्रतीकाची समज आहे. काठीचा घोडा करणारे मूल वस्तूपासून तिचा अर्थ वेगळा करायला शिकते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी मांडले होते. पुढे ‘क’ या आकाराला एक आवाज मानण्यासाठी हीच समज लागते. शिवाय हातातली वस्तू न सोडता, न रडता, बोलून मार्ग काढण्याचे कौशल्यही इथे दिसते.

ताई काही बोलत नाहीत, ही ओळही तितकीच महत्त्वाची आहे. त्यांनी लगेच ‘भांडू नका, दे त्याला’ म्हटले असते, तर शेवटचे वाक्य ऐकायलाच मिळाले नसते. कुणी दुखावणार नसेल, तर थोडे थांबून पाहणे हा निरीक्षणाचा पहिला धडा आहे.

वीसपर्यंत अंक म्हणता येणे म्हणजे मोजता येणे का?

पालकांची सर्वात मोठी गफलत इथे होते. रॉचेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या संशोधकांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची तत्त्वे मांडली. त्यातली तीन बालवाडीत सहज पाहता येतात. एका वस्तूला एकच अंक देणे, अंक दर वेळी त्याच क्रमाने म्हणणे आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या हे उमजणे.

मुलापुढे सात चिंचोके ठेवा. काही मुले एकाच चिंचोक्याला दोनदा बोट लावतात. त्यांचे तोंड हातापेक्षा वेगाने चालते. काही मुले अचूक सातपर्यंत मोजतात, पण ‘मग किती आहेत?’ विचारल्यावर पुन्हा एकपासून सुरुवात करतात. ‘सात’ म्हणजे अख्खा ढीग, हे त्यांना अजून कळलेले नसते. दोन्ही मुलांना वीसपर्यंत पाठ असू शकते. प्रगतिपुस्तकात दोघांपुढेही ‘अंक येतात’ अशीच खूण होईल. प्रत्यक्षात पहिल्याला वस्तू एकेक करून बाजूला सरकवण्याचा खेळ हवा आणि दुसऱ्याला ‘मला पाच आणून दे’ असा खेळ हवा. निरीक्षणाचा उपयोग हा आहे. उद्या काय करायचे, ते त्यातून ठरते.

चित्र आणि हात काय सांगतात?

आधी नुसत्या रेघोट्या, मग बंद होणारा गोल, मग गोलालाच हात-पाय फुटलेला माणूस, त्यानंतर पोट आणि कपडे. जगभरातील मुलांच्या चित्रांत साधारण हाच प्रवास दिसतो. म्हणून चित्रावर तारीख घालून ते फाइलला लावणे, मुलाने चित्राबद्दल काय सांगितले ते मागे लिहिणे, ही मोठी नोंद ठरते. जूनचे आणि डिसेंबरचे चित्र शेजारी ठेवले की पालकांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

हाताचेही तसेच आहे. खडू आधी मुठीत धरला जातो, मग बोटांत येतो. मनगटाची लहान हाडे या वयात पूर्ण घडलेली नसतात. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाकडून ओळीत अक्षरे गिरवून घेतल्यास हात दुखतो आणि लिहिण्याचा कंटाळा तेवढा बसतो. शेंगा सोलणे, कणकेचे गोळे, मणी ओवणे, कपड्यांना चिमटे लावणे ही लेखनाचीच तयारी असते.

नोंद कुठे चुकते?

‘हट्टी आहे’, ‘हुशार आहे’, ‘लक्ष देत नाही’ या नोंदी नाहीत, ही मते आहेत. ‘गोष्ट चालू असताना तीनदा उठून खिडकीपाशी गेला, तिसऱ्यांदा जेसीबी दाखवला’ ही नोंद आहे. पहिल्या वाक्याने मुलावर शिक्का बसतो. दुसऱ्या वाक्यातून पुढच्या आठवड्याचा विषय मिळू शकतो.

दुसरी चूक भाषेमुळे होते. घरी वारली, अहिराणी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या वर्गात, किंवा मराठी मूल इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत, काही महिने गप्प राहू शकते. त्या काळात ते ऐकत असते. त्याला सूचना समजते का, गाण्यावर हात हलतात का, मित्राशी घरच्या भाषेत काय बोलते, हे न पाहता ‘भाषाविकास कमी’ असे लिहिणे अन्यायाचे आहे.

तिसरी चूक नजरेत असते. मुलगा पळाला तर ‘उत्साही’ आणि मुलगी पळाली तर ‘ऐकत नाही’ असे लिहिले जाते का, हे आपल्याच जुन्या नोंदी वाचल्यावर कळते. दंगा करणारी आणि चटकन उत्तर देणारी मुले वहीत जास्त येतात. शांत मुलांची पाने कोरी राहतात.

एक ताई, तीस मुले, हे शक्य आहे का?

ही अडचण खरी आहे. अंगणवाडी सेविकेला आहार, वजन-उंची, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवसाची तयारी, सर्वेक्षणे आणि पोषण ट्रॅकर ॲपवरील नोंदी हे सारे सांभाळून शिकवायचे असते. मुलाचे वजन दर महिन्याला लिहिले जाते, कारण त्यासाठी रकाना आहे आणि वरून विचारणा होते. त्याच्या खेळाबद्दल तशी विचारणा क्वचितच होते. केंद्राने २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ हा उपक्रम सुरू करून सेविकांच्या पूर्वप्राथमिक प्रशिक्षणावर भर दिला, पण कामाचे तास तेवढेच आहेत.

म्हणून सर्वांना रोज पाहण्याचा प्रयत्न सोडून देणे बरे. रोज दोन-तीनच मुले ठरवायची. पदराला किंवा गळ्यात अडकवलेल्या छोट्या वहीत दोन ओळी, तारखेसह. दोन-तीन आठवड्यांत सगळा वर्ग होतो. ज्याचे पान कोरे, त्याची पाळी उद्या. मदतनीस ताईंना दिसलेलेही त्यात यावे. ताट वाढताना मूल काय बोलते, हे त्यांनाच ठाऊक असते.

निरीक्षणातून आजार कळतो का?

निदान होत नाही, पण खूण लवकर दिसू शकते. नावाने हाक मारल्यावर वारंवार न वळणे, पाठीमागून आलेल्या आवाजाकडे लक्ष न जाणे, चित्र फार जवळ धरणे, आधी येत असलेले शब्द बोलणे बंद होणे, इतर मुलांकडे किंवा त्यांच्या खेळाकडे अनेक महिने अजिबात न पाहणे, अशा गोष्टी तारखेसह लिहिलेल्या असतील तर डॉक्टरांना मोठी मदत होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. पथक काही मिनिटेच थांबते, ताई मात्र मुलाला रोज पाहतात. एका दिवसाच्या वागण्यावरून घाबरू नये. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली तर मात्र थांबू नये.

मोबाइलवर फोटो काढले तर?

फोटो किंवा छोटा व्हिडीओ चांगली नोंद ठरतो, कारण तो पुन्हा पाहता येतो. पण सगळ्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो ही नोंद नव्हे, ती जाहिरात होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मुलाचा फोटो त्याच्याच पालकांना पाठवावा आणि रडणाऱ्या किंवा कपडे बदलणाऱ्या मुलाचा तर कधीच काढू नये. कॅमेरा समोर आला की मुले खेळ थांबवून ‘स्माइल’ देतात, हा तोटा वेगळाच.

पालकांनी काय विचारावे?

‘किती अक्षरे आली?’ याऐवजी पालकसभेत हे प्रश्न विचारून पाहा.

• सध्या मूल कोणत्या कोपऱ्यात जास्त रमते आणि कोणासोबत?
• एखादी गोष्ट जमली नाही तर काय करते? मदत मागते, सोडून देते की पुन्हा करून बघते?
• मागच्या तीन महिन्यांत त्याच्यात काय बदलले? ते दाखवणारी एखादी नोंद किंवा चित्र आहे का?
• त्यावरून तुम्ही पुढे काय करणार आहात आणि घरी आम्ही काय करावे?

नोंदी ठेवणाऱ्या बालवाडीत याची उत्तरे मिळतात. ठेवत नसतील तर चार पालकांनी विचारल्यावर वही सुरू होण्याची शक्यता वाढते. अंगणवाडीतही हे प्रश्न विचारता येतात. वजनाच्या तक्त्याबरोबर खेळाबद्दलही कुणी विचारते, हे ताईंना कळले पाहिजे.

घरीही हे करून पाहता येईल. दिवसातून दहा मिनिटे फोन बाजूला ठेवून, मध्ये न बोलता, मूल खेळताना फक्त बघायचे. मग ‘आज काय केलंस?’ऐवजी ‘आज भातुकलीत जेवायला कोण कोण होतं?’ असे विचारा. ‘खेळलो’ यापेक्षा मोठे उत्तर मिळेल.